'पर्यंत' म्हणजे केव्हा? इंग्रजीतील काळाच्या शब्दांविषयी

आम्ही भाषापंडित नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. इंग्रजी शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर लागणाऱ्या नोटिसा वाचून आणि जुन्या बाजारातून आणलेला एक कोश उलटसुलट चाळून. तेव्हा इंग्रजी काव्याविषयी आम्हांला काही सांगता येणार नाही. परंतु ज्या इंग्रजीने माणसाची नोकरी राहते किंवा जाते, त्या इंग्रजीशी आमची जुनी ओळख आहे. त्या ओळखीतून एक गोष्ट पक्की कळली : मोठमोठ्या शब्दांना भिण्याचे कारण नाही, ते कोशात सापडतात. माणूस अडखळतो तो काळवेळ दाखवणाऱ्या बारक्या शब्दांना.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. निलंबित झालेला एक कामगार कचेरीत पत्र घेऊन आला. आम्ही सभेला निघण्याच्या गडबडीत होतो. पत्रावर नजर टाकली, 'बाय द फिफ्टीन्थ' एवढे दिसले आणि म्हणालो, "पंधरा तारखेपर्यंत आहे रे." तो समाधानाने घरी गेला. निलंबन पंधरापर्यंत आहे असे समजून सोळाला सकाळी डबा घेऊन फाटकावर उभा राहिला. पत्रात लिहिले होते ते हे की, उशिरात उशिरा पंधराला हजर व्हावे. पटावरून त्याचे नाव कमी झाले होते. भांडूनतंडून त्याला परत घ्यायला लावले, पण त्यात चार महिने गेले आणि त्या चार महिन्यांचा पगार बुडाला. मालकाशी आम्ही भांडलो खरे. तथापि पहिली चूक आमची होती.

ही चूक का झाली? आपण म्हणतो, "शनिवारपर्यंत काम कर", आणि आपणच म्हणतो, "शनिवारपर्यंत काम संपव." दोन्हींकडे 'पर्यंत'च. इंग्रजीत मात्र येथे दोन शब्द आहेत. पहिल्या वाक्यात 'टिल' : काम शनिवार येईतो चालूच राहायचे. दुसऱ्या वाक्यात 'बाय' : शनिवार ही शेवटची मुदत, त्याआधी केव्हाही उरकले तरी चालेल. एक शब्द रेघ ओढतो, दुसरा खुंटी ठोकतो. रेघ आणि खुंटी, म्हणजे कालावधी आणि क्षण, हा भेद ध्यानात धरला की इंग्रजीतला निम्मा गोंधळ मिटतो.

'पासून'ची हीच कथा. "दहा वर्षांपासून नोकरीत आहे" आणि "2010 पासून नोकरीत आहे" असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत दहा वर्षे ही रेघ, तिला 'फॉर' लागतो. 2010 ही खुंटी, तिला 'सिन्स'. आता याहून महत्त्वाचे. आमचे कितीतरी बांधव अर्जात लिहीत, 'आय वर्क्ड हिअर फॉर टेन यिअर्स'. त्यांच्या मनात असते की दहा वर्षे राबतो आहे. पण इंग्रजी वाचणाऱ्याला वाटते, दहा वर्षे राबला आणि गेला. काम अजून चालू असेल तर 'आय हॅव वर्क्ड' म्हटले पाहिजे, किंवा 'आय हॅव बीन वर्किंग'. एका 'हॅव'ने माणूस पटावर राहतो.

तिसरी जोडी 'इन' आणि 'विदिन' यांची. 'विदिन सेव्हन डेज' म्हणजे सात दिवसांच्या आत. 'इन सेव्हन डेज' म्हणजे बहुधा सात दिवसांनी. पण कधीकधी सात दिवसांत असाही अर्थ निघतो. मग ते सात दिवस मोजायचे कोठून? कायदे करणाऱ्यांनाही हा प्रश्न पडला होता. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये असे ठरवून दिले आहे की, केंद्रीय कायद्यात 'फ्रॉम' म्हटले की पहिला दिवस सोडायचा, आणि 'टू' म्हटले की शेवटचा दिवस धरायचा. ज्या शब्दासाठी कायद्याला कलम लिहावे लागले, त्यावर तुम्ही आम्ही अडखळलो तर लाज वाटण्याचे कारण नाही.

शिवाय इंग्रजांचे सर्वच शब्द चोख आहेत असेही नव्हे. 'बायवीकली' म्हणजे आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदाही. कोशात दोन्ही अर्थ दिलेले आढळतात. आपला 'परवा' नाही का, होऊन गेलेला आणि यायचा असा दुतोंडी? 'फोर्टनाइट' हा चौदा रात्रींचा शब्द. पूर्वी इंग्रज दिवसांऐवजी रात्री मोजत, त्याची ही खूण. आपल्याकडे तो पंधरवडा झाला. म्हणून पगाराच्या कागदावर हा शब्द आला की आम्ही विचारतो : दिवस चौदा की पंधरा?

आणखी एक मौज पाहा. 'सून' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ 'ताबडतोब' असा होता. 'प्रेझेंटली'चाही एके काळी तोच होता. आज पहिल्याचा अर्थ 'लवकरच' आणि दुसऱ्याचा 'थोड्या वेळाने' असा आहे. "आत्ता करतो" म्हणणारी माणसे वेळ लावीत गेली आणि शब्दच सैल पडले. वाटाघाटीच्या टेबलावर 'सून' ऐकले की हे आम्हांला आठवते. आम्ही म्हणतो, साहेब, शब्द तुमच्याजवळ ठेवा, आम्हांला तारीख द्या.

आपल्या शेजारीपाजारी, नात्यागोत्यात कोणी ना कोणी कागद वाचून घ्यायला तुमच्याकडे येतच असेल. त्याला नुसते 'पर्यंत' सांगून वाटेला लावू नका. कोणत्या तारखेला, कोणत्या वारी, किती वाजता आणि काय करायचे, हे सांगा. मग त्याच्याकडून ते एकदा वदवून घ्या. आमच्या कचेरीत त्या दिवसापासून हाच रिवाज आहे. दोन मिनिटे जास्त लागतात; सभेला उशीर होतो, तो होऊ द्यावा.