गांडूळखत: टाके मिळाल्यानंतर गांडुळे जिवंत कशी ठेवावीत?

महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेच्या वैयक्तिक लाभाच्या कामांत आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात (पोकरा) नाडेप व गांडूळखत या दोन्ही घटकांचा समावेश केलेला आहे. टाके बांधून होते, गांडुळेही सोडली जातात. पण उन्हाळ्यात ती मेली की टाके रिकामे पडते. गांडुळाचे शरीर कसे चालते हे समजले, तर हे नुकसान टाळता येते.

नाडेप आणि गांडूळखत यांत फरक काय?
नाडेप पद्धत यवतमाळ जिल्ह्यातील नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाते. त्यात भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात सूक्ष्म जीव कचरा कुजवतात. कुजताना उष्णता तयार होते, म्हणून ताज्या नाडेप टाक्यात गांडुळे सोडू नयेत.

कोणती गांडुळे वापरावीत?
शेतात खोल बिळे करणारी गांडुळे प्रामुख्याने माती खातात. खतासाठी पृष्ठभागाजवळ राहून कुजका कचरा खाणारी तांबूस रंगाची ‘आयसेनिया फेटिडा’ ही जात वापरतात.

गांडूळ श्वास कसा घेते?
गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते ओलसर कातडीतून श्वास घेते. कातडी सुकली तर ते मरते आणि पाणी साचले तरी हवा कमी पडून गुदमरते. वाफ्यातील मूठभर खत दाबून पाहा. हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये.

ताजे शेण का टाकू नये?
ताजे शेण कुजताना तापते. सुमारे 15 ते 25 अंश सेल्सिअस तापमान या गांडुळांना मानवते. 35 अंशांच्या वर ती तग धरत नाहीत. शेण 15 ते 20 दिवस पसरून थंड करावे आणि हात घालून गरम नाही ना, याची खात्री करावी. वाफ्यावर सावली व ओले गोणपाट हवेच. गांडुळांना डोळे नसले तरी कातडीला उजेड जाणवतो आणि ती अंधारात राहतात.

ती खातात कशी?
गांडुळाला दात नसतात. गिळलेले अन्न पोटातील स्नायूंच्या पिशवीत बारीक कणांबरोबर दळले जाते. म्हणून पालापाचोळा बारीक करून, अर्धवट कुजवून द्यावा. मीठ, तेल, मिरची आणि लिंबूवर्गीय साली टाकू नयेत.

संख्या कशी वाढते?
प्रत्येक गांडूळ नर व मादी दोन्ही असते, तरीही साधारणपणे दोघांचे मीलन लागते. एक गांडूळ कापले की दोन होतात, हा समज चुकीचा आहे. अंगावर जाड पट्टा दिसला की गांडूळ प्रौढ झाले असे समजावे. त्याचे पिवळसर, लिंबाच्या आकाराचे कोष ज्वारीच्या दाण्याहून लहान असतात. सुमारे तीन आठवड्यांत कोषातून पिले निघतात आणि ती सहा ते आठ आठवड्यांत प्रौढ होतात.

खत काढताना काय करावे?
4 ते 5 दिवस आधी पाणी बंद करावे. खताचा ढीग उजेडात करावा. गांडुळे खाली जातात आणि वरचे खत अलगद काढता येते. तळाचा भाग विकू नये. त्यात गांडुळे व कोष असतात. तोच पुढच्या वाफ्यात टाकावा, म्हणजे गांडुळे पुन्हा विकत घ्यावी लागत नाहीत. मुंग्या येऊ नयेत म्हणून वाफ्याभोवती पाण्याची चर ठेवावी.

अर्ज कोठे करावा?
आपल्या गावात सध्या कोणता घटक सुरू आहे, याची चौकशी ग्रामपंचायतीत, ग्रामरोजगार सेवकाकडे किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याकडे करावी. टाक्याची जागा सावलीत व पाण्याजवळ निवडावी.