गोळी घेऊनही दुखतंय?

ऑपरेशननंतर घरी आलेला पेशंट कळवळत असतो आणि घरातले म्हणतात, ‘एवढं तर दुखणारच!’ पण लिहून दिलेल्या गोळीने आराम पडत नसेल, तर डॉक्टरांना कळवायलाच हवं.

अनेकदा दुखणं असह्य झाल्यावरच गोळी घेतली जाते. पहिले काही दिवस ती ठरल्या वेळी घेतली, तर वेदना आटोक्यात राहते. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाची गोष्ट वेगळी. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर करतं. काहींच्या शरीरात ते जन्मतःच काम करत नाही, त्यामुळे गोळी फारशी लागू पडत नाही. असा माणूस नाटक करत नसतो, त्याला औषध बदलून हवं असतं.

मनाने डोस मात्र वाढवू नका. ट्रॅमाडॉलच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. वर क्रोसिन, डोलो या पॅरासिटामॉलच्याच गोळ्या घेत राहिलं, की मोठ्यांसाठीची दिवसाची ४ ग्रॅमची मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि यकृताला इजा होऊ शकते.

प्लास्टरखालची वेदना वाढतच चालली, बोटं ताणताना जीवघेणी कळ आली किंवा ती बधिर पडली, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. आत दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो, आणि हाताशी काही तासच असतात.