पाच ओळींचा मसावि

एखादी सिद्धता 'सुंदर' आहे असे गणिताचे शिक्षक म्हणाले, तर त्यात कुणाला नवल वाटत नाही. संगणकाच्या आज्ञावलीबद्दल तसे म्हटले की मात्र ऐकणारा हसतो. आज्ञावली चालली की झाले, तिच्यात सुंदर काय असायचे? डोनाल्ड क्नूथ यांना १९७४ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांच्या भाषणाचा विषयच 'संगणक-आज्ञावली : एक कला' असा होता. या म्हणण्यात तथ्य काय, हे पाहण्यासाठी आम्ही वर्गातलाच मसावि घेतो.

१०७१ आणि ४६२ यांचा मसावि काढायचा आहे. विद्यार्थ्याला आधी सुचते ती आज्ञावली अशी : लहान संख्येपासून एकेकाने खाली उतरायचे आणि दोन्ही संख्यांना नि:शेष भाग जाईल तिथे थांबायचे. उत्तर २१ येते, बरोबर येते. पण त्यासाठी ४४२ संख्या तपासाव्या लागतात. आता ही दुसरी पाहा :

जोपर्यंत ब शून्य नाही, तोपर्यंत
   क = अ ला ब ने भागून उरलेली बाकी
   अ = ब
   ब = क
उत्तर : अ

बाकी येते १४७, मग २१, मग शून्य. तीन भागाकारांत काम संपले! ही रीत युक्लिडच्या ग्रंथाच्या सातव्या खंडात आहे, आर्यभटाच्या कुट्टकातही (इ. स. ४९९) असाच एकापुढे एक भागाकार करत जायचा असतो. लहान संख्येत जितके अंक असतील त्यांच्या पाचपटीहून जास्त भागाकार कधीच लागत नाहीत, हे लामे या फ्रेंच गणितज्ञाने १८४४ मध्ये सिद्ध केले. म्हणजे दहा अंकी संख्यांना फार तर पन्नास. पहिल्या आज्ञावलीला, मसावि १ असेल तर, निदान शंभर कोटी संख्या तपासाव्या लागतील.

पण आम्ही हिला सुंदर म्हणतो ते केवळ वेगासाठी नव्हे. अ आणि ब यांना जी संख्या भागते ती बाकीलाही भागते. ब आणि बाकी यांना जी भागते ती अ लाही भागते. म्हणून जोडी बदलली तरी सामाईक विभाजक तेच राहतात. ब मात्र दर फेरीला लहान होतो, तेव्हा कधीतरी थांबणे भागच आहे. आज्ञावली बरोबर का आहे, याचे कारण तिच्या ओळींतच वाचता येते.

दक्ष विद्यार्थी सुरुवातीला आणखी एक ओळ घालतात : 'अ लहान असेल तर अदलाबदल करा.' ती लागतच नाही. ४६२ ला १०७१ ने भागले तर बाकी ४६२ च उरते आणि पहिल्याच फेरीत जोडी आपोआप उलटते. (हेच सारे एका ओळीत कोंबून दाखवण्याची हौस काहींना असते. वाचणाऱ्याला कोडे घालणे म्हणजे सौंदर्य, असे आम्हांला वाटत नाही.)

प्रात्यक्षिक परीक्षेत पडद्यावरचे २१ पाहून आपण दोन्ही आज्ञावल्यांना सारखेच गुण देतो. त्याऐवजी अ = १२, ब = ० देऊन पाहावे. दुसरी एकही भागाकार न करता १२ हे बरोबर उत्तर देते. पहिली शून्याने भागायला जाते आणि तिथेच अडते.