20 तास, 18 महिने, 33,400 पौंड

1 जानेवारी 2027 ही तारीख ब्रिटनमध्ये एमएस्सी करणाऱ्या प्रत्येक मराठी मुलामुलीनं लक्षात ठेवावी. त्या दिवसापासून शिक्षणानंतर तिथे राहून काम करू देणाऱ्या 'ग्रॅज्युएट व्हिसा'साठी अर्ज करणाऱ्यांना 2 वर्षांऐवजी 18 महिनेच मिळतील. पीएचडीची 3 वर्षं मात्र कायम आहेत. सप्टेंबर 2025 च्या तुकडीनं 31 डिसेंबर 2026 पर्यंत अर्ज केला तर तिला पूर्ण 2 वर्षं मिळतात. पण अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं विद्यापीठानं गृहखात्याला कळवल्याशिवाय अर्ज करता येत नाही. म्हणून प्रबंध वेळेत द्या. निकाल लांबला तर 6 महिने गेलेच.

शिकत असताना पदवी आणि त्यापुढच्या विद्यार्थ्यांना सत्रात आठवड्याला 20 तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. या आठवड्यात 25 आणि पुढच्या आठवड्यात 15 तास, अशी सरासरी चालत नाही. एप्रिल 2026 पासून 21 वर्षं आणि त्यावरील कामगारांचं किमान वेतन ताशी 12.71 पौंड आहे, म्हणजे महिन्याला जेमतेम 1,100. लंडनसाठी व्हिसाच्या अर्जात दाखवावा लागणारा मासिक खर्च मात्र 1,529 पौंड. पार्टटाइमवर सगळं भागेल असं सांगणाऱ्या एजंटाला हा हिशेब विचारा. स्वयंरोजगारालाही बंदी आहे, त्यामुळे ॲपवरून स्वतंत्रपणे केलेली डिलिव्हरीही नियमभंगच ठरते.

खरा पेच शिक्षणानंतरचा आहे. ग्रॅज्युएट व्हिसावर स्पॉन्सर लागत नाही, पगाराची अट नाही, स्वयंरोजगारही चालतो. अमेरिकेत 'ओपीटी'वर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर, मूळ 12 महिने मिळतात आणि काम अभ्यासविषयाशी निगडित असावं लागतं. त्या मानानं ही मोकळीक मोठी आहे. तिची किंमत म्हणजे अर्जाचं शुल्क आणि शिवाय वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार.

कंपनीनं स्पॉन्सर केल्यावर मिळणाऱ्या 'स्किल्ड वर्कर' व्हिसासाठी मात्र 22 जुलै 2025 पासून किमान वार्षिक पगार 41,700 पौंड आहे. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांना तो 33,400 पर्यंत चालतो, पण त्या व्यवसायाच्या ठरलेल्या दराच्या 70 टक्के रक्कम त्याहून जास्त असेल तर तीच लागू होते. अनेकांच्या नजरेतून निसटणारी गोष्ट अशी की ही सवलत जास्तीत जास्त 4 वर्षांची आहे आणि ग्रॅज्युएट व्हिसाचा काळ त्यातूनच वजा होतो. 2 वर्षं तिथे काढली तर सवलतीची 2 वर्षंच उरतात. शिवाय 'स्किल्ड वर्कर'मधून कायम वास्तव्यासाठी जी वर्षं मोजतात, त्यांत ग्रॅज्युएट व्हिसाचा काळ धरत नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कंपनी लगेच स्पॉन्सर करायला तयार असेल, तर ग्रॅज्युएट व्हिसा न घेता थेट 'स्किल्ड वर्कर'वर जावं. अशी कंपनी मिळाली नसेल, तर मात्र ग्रॅज्युएट व्हिसाच आधार आहे. पण तो मिळाल्यावर नोकरी शोधू, असं म्हणून थांबू नका. परवानाधारक स्पॉन्सर कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकार जाहीर करतं. पहिल्याच सत्रात ती उघडा आणि अर्ज करण्याआधी कंपनीचं नाव तिच्यात आहे का, ते पाहा.