मोटारगाडीची मालकी, भारतातील
स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या वापरासाठी बाळगलेल्या मोटारीविषयीची भारतीय समाजाची दृष्टी तिच्या उपलब्धतेनुसार पालटत गेली. परवाना-पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित असताना ‘अँबॅसडर’ व ‘फियाट’ (पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’) या गाड्यांसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे. त्यामुळे मोटार ही जपून वापरावयाची मत्ता व प्रतिष्ठेचे लक्षण मानली जाई. सामान्यांचा दूरचा प्रवास एस. टी. व रेल्वे यांनीच होई. डिसेंबर १९८३ मध्ये ‘मारुती ८००’ विक्रीस आली, तर १९९३ मध्ये मोटार-उत्पादन परवानामुक्त झाले. कर्जही सुलभ झाल्याने मध्यमवर्गास मोटार नित्योपयोगी वाटू लागली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग (२००२) यांसारख्या रस्त्यांमुळे स्वतःच्या गाडीने दूरचा प्रवास करण्याची प्रवृत्ती वाढली. तथापि प्रतिष्ठेची कल्पना लोपली नाही : २००९ मध्ये आलेल्या ‘नॅनो’ला ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळखच बाधक ठरली व २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मोटारींची संख्या वाढताच शहरांत त्यांची गती मंदावली आणि उभ्या गाड्यांनी रस्त्यांच्या कडा व्यापल्या. मोटार खाजगी, परंतु तिला लागणारी जागा सार्वजनिक, हा यातील मूलभूत विरोध होय. त्याची झळ मोटार नसलेल्या बहुसंख्य पादचाऱ्यांना व बसप्रवाशांना अधिक पोहोचते.