नटाचा स्नेह : बिऱ्हाड आणि बस

नटानटांतील स्नेहाचे स्वरूप नाटकधंद्याच्या वेतनपद्धतीशी निगडित असते. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीसारख्या कंपनीत नट पगारी असे. निवास व भोजन कंपनीकडे असे. एकाच बिऱ्हाडात, एकाच पंगतीत वर्षे काढल्याने सहनट हेच त्याचे कुटुंब होई. १९३२ साली मराठी बोलपट आला. पुढे बहुतेक मंडळ्या मोडल्या आणि ती बिऱ्हाडेही उठली.

आजचा व्यावसायिक नट प्रयोगागणिक मिळणाऱ्या ‘नाइट’वर जगतो. नवी मुंबईतील वाशीचे महानगरपालिकेचे विष्णुदास भावे नाट्यगृह हे त्याच्या फिरतीतील एक ठाणे. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर करणाऱ्या भाव्यांचे नाव या वास्तूस दिलेले आहे. येथे नटाचा मुक्काम काही तासांचाच : बसमधून उतरणे, रंगभूषा, प्रयोग, पुन्हा बस. दुपारी वाशीस व रात्री ठाण्यास प्रयोग असला, तर जेवणही वाटेतच उरकावे लागते.

साहजिकच बिऱ्हाडाचे कार्य आता बस व रंगपट करतात. मात्र एक भेद मूलगामी आहे. आजारी नटास बिऱ्हाडात अन्न व निवारा तरी मिळे. आता प्रयोग रद्द झाल्यास साऱ्या संचाचीच मिळकत बुडते. म्हणून ऐनवेळी दुसऱ्याची भूमिका उभी करणारा नट सर्वांची चूल पेटती ठेवतो. परंतु ज्याची जागा त्याने घेतली, त्याची ‘नाइट’ बुडालेलीच राहते. स्नेहाने प्रयोग वाचतो. पगाराची उणीव स्नेहाने भरून निघत नाही.