मोहाचा हंगाम आणि अस्वल

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया जिल्ह्यांतील वनालगतच्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळू लागली की अस्वलाशी गाठ पडण्याचे प्रसंग वाढतात. मोहफूल हे तेथील कुटुंबांचे रोख उत्पन्न असल्याने वेचणी थांबवा असे सांगणे व्यर्थ होय. फुले रात्री व पहाटे गळतात. माणूस झुंजूमुंजू होताच निघतो आणि अस्वलही त्याच झाडाखाली असते. त्याचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण, दृष्टी मात्र अधू. वाकून वेचणारी व्यक्ती अगदी जवळ येईपर्यंत त्याच्या ध्यानी येत नाही. मग दचकलेले अस्वल अंगावर धावते. उशीर झाल्यास गुरे फुले खातात, ही अडचण खरी. तरीही उजाडल्यावर, चार-पाच जणांनी मिळून, मोठ्याने बोलत जाणेच हिताचे.

फुलांचा वास अस्वलास घरापर्यंतही आणतो. अंगणात वाळत घातलेली फुले सायंकाळी आत घेऊन झाकणाच्या पिंपात ठेवावीत. उष्टे-खरकटे, फळांच्या साली घरामागे टाकू नयेत. अस्वल गावात शिरल्यास त्यास घेरू नये. परतीची वाट मोकळी ठेवून वनरक्षकास कळवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत अस्वलाचा समावेश आहे. हल्ल्यात कोणी जखमी झाल्यास शासनाकडून अर्थसाहाय्य मिळते. त्यासाठी वन विभागास त्वरित खबर देऊन पंचनामा करून घेणे आवश्यक आहे.